मोडीत निघालेल्या मतदारसंघाचा इतिहास काढायचाय? निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांचं परीक्षण

भारत निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर एक सांख्यिकी अहवाल काढतो. १९५१-५२ पासूनचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. चालू मतदारसंघाचा निकाल पाहायला त्यांची फारशी गरज पडत नाही, तो कुठेही सापडतो. या अहवालांचा कस लागतो तो परळ, माझगाव, दादर, मालवण, रेणापूर अशा मतदारसंघांवर, जे २००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखताना, नाहीसे झाले. दादरचा आमदार १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाला आणि मालवणचा १९९९ मध्ये. रेणापूरचा आमदार त्याच काळात उपमुख्यमंत्री होता. परळने शिवसेनेला पहिला आमदार दिला. आज यातलं एकही नाव विधानसभेच्या यादीत नाही. अशा मतदारसंघाचा इतिहास या अहवालांतून किती नीट उभा राहतो, हे इथे तपासलं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आकड्यांच्या बाबतीत फुकटात मिळणारं यापेक्षा भक्कम साधन नाही. पण हा हिशेब निवडणुकीचा आहे, मतदारसंघाचा नाही. दोन निवडणुकांच्या मधे घडलेली पोटनिवडणूक, पक्षांतर, सीमाबदल यांची नोंद त्यात नसते. ते सांधे वाचणाऱ्याने जुळवायचे असतात, आणि छापून येणाऱ्या बहुतेक चुका तिथेच होतात.

अहवालात काय मिळतं

जुन्या पीडीएफची रचना ठरलेली आहे. सुरुवातीला पक्षांची यादी आणि त्यांची लघुरूपं, मग ठळक बाबी, विजयी उमेदवारांची यादी, पक्षनिहाय कामगिरी, उमेदवार आणि मतदारांचे गोषवारे, महिला उमेदवारांची माहिती. त्यानंतर दोन भाग येतात, आणि मतदारसंघाचा इतिहास लिहिणाऱ्याला खरी गरज या दोनांचीच असते.

पहिला म्हणजे मतदारसंघनिहाय गोषवारा. एकेका मतदारसंघाची सगळी माहिती त्यात एकत्र असते: अर्ज किती आले, किती बाद झाले, किती मागे घेतले, किती जण लढले आणि किती जणांची अनामत गेली. पुढे नोंदलेले मतदार, प्रत्यक्ष मतदान, वैध मतं, बाद मतं, मतदान केंद्रांची संख्या, मतदानाची आणि मोजणीची तारीख. शेवटी विजयी उमेदवार, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आणि मताधिक्य. दुसरा भाग म्हणजे सविस्तर निकाल, ज्यात प्रत्येक उमेदवाराचं नाव, पक्ष, मतं आणि टक्केवारी असते. लोक घाईत विजयी उमेदवारांची यादी तेवढी उतरवून घेतात. ती पुरत नाही. किती मतं बाद झाली, अपक्ष किती होते, दुसरा कोण होता, हे कळल्याशिवाय त्या लढतीचा अर्थच लागत नाही.

पीडीएफमध्ये शोध चालतो, ही मोठी सोय. मात्र तक्ता थेट एक्सेलमध्ये चिकटवला की ओळी फुटतात. लांब नाव दोन ओळींत जातं आणि मतांचा आकडा भलत्याच उमेदवारासमोर बसतो. म्हणून उतरवून झाल्यावर सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज करून ती गोषवाऱ्यातल्या वैध मतांशी जुळवायची. मतपत्रिकेच्या काळात वैध मतांत बाद मतं मिळवली की एकूण मतदानाचा आकडा यायला हवा. गहाळ मतांचा वेगळा रकाना दिसला तर तोही धरायचा. या दोन बेरजा जुळल्या तर उतरवण्यातल्या जवळपास सगळ्या चुका पकडल्या जातात.

अलीकडच्या निवडणुकांचे तक्ते एक्सेलमध्ये सुटे मिळतात. त्यांत सर्वसाधारण आणि टपाली मतं वेगळी असतात आणि टक्केवारी दोन प्रकारे दिलेली असते: एकूण मतदारांच्या तुलनेत आणि झालेल्या मतदानाच्या तुलनेत. जुन्या अहवालातली टक्केवारी वैध मतांवर काढलेली आहे. दोन्ही एका रकान्यात टाकली की तुलना बिघडली. छापील टक्केवारी बाजूला ठेवून कच्च्या मतांवरून स्वतः काढणं उत्तम.

पहिली पायरी: कोणत्या राज्याचा अहवाल उघडायचा

'महाराष्ट्र' निवडून १९५२ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. त्याआधीच्या दोन निवडणुका प्रदेशानुसार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. बीड, लातूर, नांदेड अशा मराठवाड्यातल्या जागांसाठी १९५१-५२ चा हैदराबाद राज्याचा अहवाल उघडावा लागतो. विदर्भातल्या जागा त्याच वर्षी मध्य प्रदेशात सापडतात. मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश यांच्यासाठी मुंबई राज्य. १९५७ मध्ये हे सगळे प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आले, म्हणून त्या वर्षी ३९६ जागांची एकच यादी पाहायची. पुढे महाराष्ट्राच्या जागा १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८.

गोव्याची जुनी विधानसभा 'गोवा, दमण आणि दीव' या नावाखाली येते. तिच्यात ३० जागा होत्या. दमण आणि दीव हे तेव्हा त्या सभागृहाचे मतदारसंघ होते. १९८७ मध्ये गोवा वेगळं राज्य झाल्यावर ते त्या यादीतून गेले, आणि १९८९ च्या निवडणुकीपासून गोव्याच्या ४० जागा दिसतात.

१९५१-५२ आणि १९५७ चे आकडे उतरवताना द्विसदस्यीय, म्हणजे एकाच वेळी दोन आमदार निवडणारे मतदारसंघ ओळखावे लागतात. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मतं होती आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. त्यामुळे पडलेल्या मतांची संख्या मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त दिसू शकते आणि मतदानाची टक्केवारी अशक्य वाटते. आकडा चुकलेला नसतो, भागाकार चुकलेला असतो. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली, म्हणून १९६२ पासून ही अडचण येत नाही.

क्रमांक आणि नाव, दोन्हींवर विसंबू नका

मतदारसंघाचा क्रमांक ही त्याची ओळख नव्हे. २००४ पर्यंतच्या अहवालांत महाराष्ट्राची मोजणी सावंतवाडीपासून सुरू होते. २००९ पासून अक्कलकुवा पहिला आणि जत २८८ वा. एकाच क्रमांकावर दोन काळांत दोन भिन्न मतदारसंघ असतात. क्रमांक जुळवून तक्ते जोडणाऱ्याचा सगळा इतिहास चुकीच्या जिल्ह्यात जाऊन बसतो.

नावांचा त्रास वेगळा. अहवाल इंग्रजीत आहेत आणि स्पेलिंगला धरबंध नाही. माजलगाव जुन्या अहवालांत 'मांजलेगाव' होऊन येतं, केजचं 'काइज' होतं, कणकवली, शिवडी, गेवराई यांची दोन-दोन रूपं आढळतात. पूर्ण नाव टाकून शोधू नका. मधली तीन-चार अक्षरं टाका, किंवा शेजारच्या मतदारसंघाचं नाव शोधून तिथून पुढेमागे जा. उमेदवारांची नावं कधी आडनावाने सुरू होतात, कधी पहिल्या नावाने. 'राव' कधी जोडलेलं, कधी गळलेलं. त्यामुळे एकच माणूस यंत्राला दोन-तीन माणसं वाटतो. तक्त्यात 'छापलेलं नाव' आणि 'प्रमाण मराठी नाव' असे दोन रकाने ठेवणं भाग आहे.

सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे नाव तेच आणि जमीन वेगळी. २००८ पूर्वी मुंबई शहर जिल्ह्यात १७ जागा होत्या: कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, मलबार हिल, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी, वरळी, नायगाव, दादर, माटुंगा, माहीम आणि धारावी. आता १० आहेत. जुन्यांतली सात नावं टिकली आणि सायन कोळीवाडा, वडाळा, भायखळा ही तीन नवी आली. १७ जागांची भूमी १० जागांत वाटली गेली, तेव्हा टिकलेल्या सातांपैकी कुणाचा पसारा जुना राहणार? दादरचा भाग माहीममध्ये आला. तरीही '२००४ चं माहीम आणि २००९ चं माहीम' अशी सरळ तुलना वर्तमानपत्रांतसुद्धा सापडते. सदा सरवणकर २००४ मध्ये शिवसेनेकडून दादरमधून निवडून आले. २००९ मध्ये ते काँग्रेसकडून माहीममध्ये उभे राहिले आणि मनसेच्या नितीन सरदेसाईंकडून हरले. दोन अहवाल शेजारी ठेवले तर दादरचा आमदार गायब झालेला आणि माहीममध्ये एक नवा उमेदवार आलेला दिसतो. माणूस बराचसा त्याच मतदारांसमोर होता, हे पुनर्रचनेचा आदेश वाचल्याशिवाय कळत नाही.

परळ आणि माझगाव यांची गोष्ट याहून बोलकी आहे. २००४ मध्ये माझगावातून बाळा नांदगावकर आणि परळमधून दगडू सकपाळ, दोघेही शिवसेनेचे आमदार. २००९ मध्ये दोघांचेही मतदारसंघ उरले नाहीत आणि दोघं शिवडीत समोरासमोर आले, नांदगावकर मनसेकडून, सकपाळ शिवसेनेकडून. नांदगावकर जिंकले. दोन विद्यमान आमदारांची ही लढत होती, पण २००९ च्या अहवालात विद्यमान असल्याची खूण कुठेच नाही.

पोटनिवडणुका: सर्वात मोठं भगदाड

सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक येत नाही. परळच्या बाबतीत याची किंमत किती मोठी आहे ते पाहा. १९६७ मध्ये परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई निवडून आले. जून १९७० मध्ये त्यांचा खून झाला. ऑक्टोबर १९७० च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांच्या विरोधात शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी जिंकले. शिवसेनेचा विधानसभेतला हा पहिला विजय. गिरणगावात लाल बावट्याची पकड सैल होत असल्याची ही पहिली ठळक निशाणी होती. १९६७ चा अहवाल या घटनेच्या आधी संपतो आणि १९७२ चा नंतर सुरू होतो. फक्त अहवाल वाचून परळचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हातून परळची सगळ्यात महत्त्वाची निवडणूक निसटते.

मालवणचंही तेच. नारायण राणे १९९० पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा शिवसेनेकडून मालवणमधून आले. २००५ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले, राजीनामा दिला आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून पुन्हा जिंकले. मालवणची ही शेवटची निवडणूक. पुनर्रचनेत सिंधुदुर्गाच्या चार जागांच्या तीन झाल्या, मालवण आणि वेंगुर्ला गेले, कुडाळ आला. २००९ मध्ये राणे कुडाळमधून निवडून आले. 'मालवणचा शेवटचा निकाल २००४, शिवसेना' असं जे सर्रास छापलं जातं, ते या भगदाडामुळेच.

पोटनिवडणुकीची गरज न पडणारं पक्षांतर तर कुठेच दिसत नाही. छगन भुजबळ १९९० मध्ये माझगावातून शिवसेनेचे आमदार म्हणून आले आणि १९९१ मध्ये काँग्रेसमध्ये गेले. १९९५ च्या अहवालात ते एकदम काँग्रेसचे उमेदवार आणि नांदगावकरांकडून पराभूत असे दिसतात. मधली चार वर्षं माझगावचा आमदार कोणत्या बाकावर बसत होता, हे विधिमंडळाच्या नोंदींतून घ्यावं लागतं. तक्त्यात 'सार्वत्रिक की पोट' असा एक रकाना आणि 'मुदतीत पक्ष बदलला का' असा दुसरा ठेवला, तर निदान रिकामी जागा डोळ्यांसमोर राहते.

पक्षांची लघुरूपं वाचताना

१९७८ च्या अहवालात दोन काँग्रेस आहेत. मूळ काँग्रेस ६९ जागा आणि इंदिरा काँग्रेस ६२. जनता पक्ष ९९. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेस १८६ आणि अर्स काँग्रेस ४७. १९८५ मध्ये पुन्हा काँग्रेस १६१ आणि समाजवादी काँग्रेस ५४. 'काँग्रेस' असा एकच रकाना केला तर एकमेकांविरुद्ध लढलेली माणसं एका पक्षात येतात. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीची लघुरूपांची यादी त्याच अहवालापुरती धरायची, शेजारच्या वर्षाला लावायची नाही.

शिवसेनेची पक्ष म्हणून नोंदणी १९८९ ची. त्याआधीच्या काही अहवालांत तिचे उमेदवार अपक्षांत सापडतात. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५७ च्या अहवालात पक्ष म्हणून नाहीच. तिचे आमदार प्रजासमाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि अपक्ष यांत विखुरलेले आहेत. कर्नाटकाच्या अहवालांत महाराष्ट्र एकीकरण समितीचे विजय अपक्षांत गणलेले आहेत. बेळगावजवळचा उचगाव हा समितीचा बालेकिल्ला २००८ मध्ये मोडला. त्याचा इतिहास आयोगाच्या तक्त्यावरून लिहिला तर तिथले मतदार वर्षानुवर्षं पक्षच नसलेल्या माणसांना निवडून देत होते असा समज होईल. सीमाभागाच्या राजकारणावर हा अन्याय आहे. छापील पक्षाशेजारी खरा पक्ष लिहिणं तिथे अत्यावश्यक ठरतं.

आकडे उसळतात तेव्हा

१९८५ आणि १९९० च्या मधे मतदारसंख्या एकदम फुगते. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९ पासून. त्यामुळे मतदानाची टक्केवारी न बदलताही मतं खूप वाढलेली दिसतात. १९९५ मध्ये अपक्षांची झुंबड होती, ४५ अपक्ष निवडूनही आले. १९९६ मध्ये विधानसभेची अनामत २५० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि १९९९ पासून हौशी उमेदवारांची रांग आटली. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं मिळाली की अनामत जाते, हा नियम मात्र तोच राहिला. २००४ मध्ये सगळीकडे मतदान यंत्रं आली आणि बाद मतांचा रकाना जवळजवळ रिकामा झाला. १९९९ च्या लढतीत मताधिक्यापेक्षा बाद मतं जास्त दिसली, तर त्याची दखल घ्या. २००४ नंतर तो प्रश्न टपाली मतांपुरता उरतो.

२०१४ पासून 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) ही उमेदवारासारखी एक ओळ म्हणून येते. उमेदवार मोजणारं सूत्र लावलं तर एक जास्त भरतो. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटाला २७,५०० मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. धीरज देशमुखांचं मताधिक्य नोटावर धरायचं की तिसऱ्या ओळीतल्या उमेदवारावर, हे ठरवून तशी टीप द्यावी लागते. कायद्याने नोटा उमेदवार नाही, म्हणून आम्ही उमेदवारावर धरतो.

रेणापूर: पूर्ण कसोटी

लातूर ग्रामीणचा उल्लेख आलाच आहे, तर रेणापूर पाहू. १९८० ते २००४ हा काळ अहवालांतून स्वच्छ निघतो. १९८० मध्ये भाजपचे गोपीनाथ मुंडे. पक्ष स्थापन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि राज्यात त्याच्या १४ जागा आल्या. १९८५ मध्ये काँग्रेसच्या पंडितराव दौंडांनी त्यांना हरवलं. मग १९९०, १९९५, १९९९, २००४ सलग मुंडे. मराठवाड्यातल्या भाजपची वाढ या सहा ओळींत वाचता येते, आणि १९८५ ची ओळ वगळून 'अजिंक्य गड' लिहिणाऱ्यांना उत्तरही मिळतं.

अडचण होती भूगोलात. रेणापूर तालुका लातूर जिल्ह्यातला, पण हा मतदारसंघ परळीसह बीड लोकसभेत मोडायचा. कुलदीप सिंग आयोगाने पुनर्रचना करताना विधानसभा मतदारसंघ शक्यतो एकाच जिल्ह्यात बसवायचं धोरण ठेवलं, २००१ ची जनगणना आणि १५ फेब्रुवारी २००४ रोजीच्या प्रशासकीय सीमा धरल्या. जिल्ह्याची सीमा ओलांडणारं रेणापूर त्यात टिकणं शक्यच नव्हतं. रेणापूर तालुका लातूर ग्रामीणला, म्हणजे क्रमांक २३४ ला गेला. परळी आणि अंबाजोगाईचा काही भाग मिळून परळी, क्रमांक २३३, झाला. मुंडे घराण्याचं राजकारण परळीकडे गेलं: २००९ आणि २०१४ पंकजा मुंडे, २०१९ आणि २०२४ धनंजय मुंडे. म्हणून परळीला रेणापूरचा सरळ वारस म्हणणं अर्धंच खरं आहे. ज्या गावाचं नाव मतदारसंघाला होतं, ते गाव दुसऱ्या वाटेने गेलं.

नवी रचना १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाली, पण विद्यमान विधानसभा जुन्या मतदारसंघांवर चालू राहिली. त्यामुळे २००९ ची लोकसभा निवडणूक परळीच्या नव्या सीमांवर झाली, तेव्हा विधानसभेत मुंडे अजून रेणापूरचेच आमदार होते. लोकसभा अहवालाच्या स्वतंत्र खंडात विधानसभानिहाय मतं असतात. तिथे २००४ साली रेणापूर आहे आणि २००९ साली परळी. लोकसभा आणि विधानसभा २००४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने झाल्या, म्हणून रेणापूरचे एकाच वर्षातले दोन निकाल मिळतात. मोडलेल्या मतदारसंघांसाठी ही दुर्लक्षित खाण आहे. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रंही अशा मतदारसंघांसाठी २००४ पासूनचीच मिळू शकतात, कारण ती सक्तीची झाली ती २००३ मध्ये.

जिथे अहवाल सुरूच होत नाहीत

१९३७ ची प्रांतिक निवडणूक आयोगाच्या कक्षेत नाही. १७५ जागांच्या मुंबई प्रांतिक विधानसभेतला भायखळा-परळ हा बहुसदस्यीय मतदारसंघ. तिथल्या राखीव जागेवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १३,२४५ मतं घेऊन आले. काँग्रेसचे उमेदवार, प्रसिद्ध फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांना ११,२२५ मतं पडली. हे आकडे पुढच्या परळच्या तक्त्याला जोडू नका. मताधिकाराला मालमत्ता, कर, शिक्षणाच्या अटी होत्या. शिवाय मुंबई प्रांतात एकत्रित मतदानाची पद्धत होती, म्हणजे जेवढ्या जागा तेवढी मतं आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. तेव्हा १३,२४५ मतं म्हणजे तेवढी माणसं असा अर्थ होत नाही. ब्रिटिश सरकारने १९३७ मध्येच निकालपत्रक छापलं होतं. त्या काळासाठी तेच धुंडाळावं लागतं.

जोडीला काय वापरावं

अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचं 'लोकढाबा' हे साधन आयोगाच्याच आकड्यांवर उभं आहे आणि १९६२ पासूनच्या निवडणुका सीएसव्हीत, म्हणजे थेट एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये देतं. कोणत्या पुनर्रचनेतला मतदारसंघ आहे, पोटनिवडणूक आहे का, अनामत गेली का, यांचे रकाने तयार मिळतात. आयोगाच्या अहवालात जे सांधे नाहीत, त्यातले बरेच इथे बसवलेले आहेत. आमची शिफारस अशी: कच्चा तक्ता लोकढाब्यावरून घ्या आणि प्रत्येक ओळ आयोगाच्या पीडीएफशी पडताळा. उलट्या क्रमाने केलं तर कष्ट कितीतरी वाढतात.

मोडलेल्या मतदारसंघाची भूमी आज कशी मत देते हे पाहायचं असेल, तर पुनर्रचनेच्या आदेशातून तालुके आणि महसूल मंडळं काढा. मग राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा नमुना २० घ्या, ज्यात केंद्रनिहाय मतं असतात. केंद्रांचे क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात, म्हणून जुळणी मतदान केंद्रांच्या यादीतल्या गावाच्या नावावरून करा. टपाली मतं केंद्रांत विभागलेली नसतात. ती वेगळी ठेवा, नाहीतर बेरीज जुळणार नाही.

संकेतस्थळाचे पत्ते बदलतात. आयोगाच्या जुन्या संकेतस्थळाचे दुवे देणारे कितीतरी लेख आज रिकाम्या पानावर नेतात. अहवाल उतरवून घेतला की फाइलला लगेच राज्य, वर्ष आणि उतरवल्याची तारीख असं नाव द्या, आणि संदर्भ देताना दुव्याऐवजी अहवालाचं नाव आणि पान लिहा.